घाटावरचे प्लास्टिक आणि वेळासची कासवे : कापूरहोळ ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
सरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत कापूरहोळ, ता. भोर, जि. पुणे.

विषय : घाटमार्गाने समुद्राला मिळणारे प्लास्टिक व सागरी कासवांचे संरक्षण.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. वरंधा घाटाच्या पूर्वेला उतरणारे पाणी नीरा देवघर धरणात येते, भोर शहराजवळून पुढे वीर धरणात जाते, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमेबरोबर कृष्णेत शिरते आणि आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात पोचते. कापूरहोळच्या शिवारातले पाणीही गुंजवणीच्या वाटेने याच नीरेत पडते. घाटाच्या पश्चिमेचे पाणी मात्र वरंध, शिवथर या बाजूच्या ओढ्यांनी महाडच्या खोऱ्यात उतरते, सावित्रीला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. खाडीच्या मुखाशी उत्तरेला हरिहरेश्वर आहे, दक्षिणेला बाणकोट, आणि बाणकोटला लागून वेळास. महाराष्ट्रातले सागरी कासवांचे संवर्धन ज्या गावापासून सुरू झाले, ते हेच वेळास.

कापूरहोळ पुणे-सातारा महामार्गावरच्या फाट्यावर वसले आहे. शंभूराजांच्या दूधआई धाराऊ यांचे गाव ही त्याची जुनी ओळख. आज पुण्याहून येणारी वाहने येथून डावीकडे केतकावळ्याच्या बालाजीला आणि नारायणपूरला वळतात, उजवीकडे भोर आणि वरंधा घाटाकडे. येथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाराही लागत नाही. त्यामुळे कासवांविषयीची पत्रे सहसा मंडणगड, दापोली आणि गुहागरच्या ग्रामपंचायतींच्या नावे लिहिली जातात. त्या गावांनी आपले काम केव्हाच हाती घेतले आहे. राहिले आहे ते घाटावरचे काम.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. घरटी होत होती, पण अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे उचलून नेत होते. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावातल्याच लोकांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात झाली, आणि २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पुढे वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत नेले. आज आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, दिवेआगर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर गावचे कासवमित्र पहाटे वाळू तुडवत मादीच्या पाऊलखुणा शोधतात. अंडी सापडली की ती कुंपण घातलेल्या जागेत नेऊन, नैसर्गिक घरट्याइतक्याच खोल, तळाशी मडक्यासारख्या रुंद खड्ड्यात पुन्हा पुरतात. पिल्ले बाहेर येण्याची वेळ झाली की वर टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नियमाने अंडी घालते ती ऑलिव्ह रिडले. ही सागरी कासवांतली आकाराने लहान जात. पाठीची ढाल साधारण दोन फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. कोकणात विणीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांत बाहेर पडतात. नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. वाळू थंड असली तर नर अधिक, तापली तर माद्या अधिक. पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि बहुतेक पिल्ले त्याआधीच माशांच्या व पक्ष्यांच्या पोटात जातात. एवढी गळती निसर्गाने धरलेलीच आहे. मोठी, विणीला आलेली मादी मरणे त्याने धरलेले नाही, आणि प्लास्टिकचे संकट नेमके तिच्यापर्यंतही पोचते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवांचा समावेश आहे. वाघाला आहे तेवढेच संरक्षण कासवाला आहे.

ही कासवे एका किनाऱ्याची नाहीत, हे अलीकडे पुराव्यानिशी दिसले. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आले. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा प्रकल्प होता. वेळासला टॅग लावलेली पहिली मादी म्हणून एकीचे नाव प्रथमा. बाकीच्या सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून बागेश्री आणि गुहा यांची भर पडली. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली होती. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर. ओडिशाच्या सामूहिक विणीतली मादी कोकणात एकटीने येऊन अंडी घालते, हे तोवर कोणी गृहीत धरले नव्हते. नीरेच्या टोकाचा समुद्र आणि सावित्रीच्या टोकाचा समुद्र कासवाच्या लेखी एकच आहे.

प्लास्टिक कासवाला तीन प्रकारे मारते: पोटात जाऊन, अंगाला आवळून आणि किनाऱ्यावर वाट अडवून. पोटात जाण्याचे कारण बहुतेकांना ठाऊक असते ते एवढेच, की पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. समुद्रात काही दिवस पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर चढतो आणि त्याला अन्नाचा वास येऊ लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॉगरहेड जातीच्या कासवांनी अशा मुरलेल्या प्लास्टिकच्या वासाला खाद्याच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. स्वच्छ प्लास्टिककडे मात्र दुर्लक्ष केले. त्यात कासवाच्या अन्ननलिकेची रचना आडवी येते. आतून तिला मागे वळलेले टणक काटे असतात. गिळलेले भक्ष्य निसटू नये आणि समुद्राचे पाणी तेवढे बाहेर टाकता यावे यासाठी ते आहेत. त्यामुळे एकदा आत गेलेला तुकडा ओकून टाकणे कासवाला फार कठीण जाते. तो आतड्यात अडकतो, त्यामागे अन्न कुजते, वायू धरतो आणि कासवाला बुडीच मारता येत नाही. असे तरंगत राहिलेले कासव उपासमारीने, उन्हाने किंवा बोटीच्या धडकेने मरते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलेल्या कासवांच्या शवविच्छेदनांवरून २०१८ मध्ये काढलेला अंदाज असा, की पोटात प्लास्टिकचे चौदा तुकडे असले तर मरण्याची शक्यता पन्नास टक्के होते. एक तुकडाही पुरू शकतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी आणि अधिक वाईट आहे. किनाऱ्यावरून निघालेले पिल्लू उघड्या समुद्राकडे पोहत जाते आणि आयुष्याची पहिली काही वर्षे प्रवाहांच्या मिलनरेषांवर काढते. तेथे वाहून आलेले शेवाळ, लाकडे, बारीक जीव साचतात. आडोसा आणि खाणे दोन्ही मिळते. ज्या प्रवाहांनी हे शेवाळ तेथे आणले, तेच प्रवाह प्लास्टिकही आणून सोडतात. म्हणजे पिल्लाला सर्वांत सुरक्षित वाटणारी जागाच सर्वांत घाण झालेली असते.

अंगाला आवळणाऱ्या प्लास्टिकमध्ये पहिला क्रमांक नायलॉनच्या जाळ्यांचा. फाटलेली, समुद्रात सुटलेली जाळी वर्षानुवर्षे तरंगत राहतात. कासवाचा वल्ह्यासारखा पाय त्यात गुंततो, दोरा मांसात रुततो आणि पाय सडून गळतो. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात पावसाळ्यात अशी कासवे येतात. चालू मासेमारीत जाळ्यात अडकून गुदमरणारी कासवे हा आणखी एक, बहुधा सर्वांत मोठा, मृत्यूचा मार्ग आहे. अडकलेले संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळ्यांचा प्रश्न कापूरहोळच्या आवाक्यातला नाही, आणि घाटावरची एक पिशवी अडवली की समुद्र वाचला असा दावा करणे खोटेपणाचे होईल. पण जो वाटा घाटाचा आहे, तो दुसरे कोणी उचलणार नाही.

तो वाटा किती, हेही सरळ सांगायला हवे. कापूरहोळच्या चौकात टाकलेली पिशवी हंसलदीवीला पोचण्याची शक्यता कमी आहे. वाटेत वीर आहे, कर्नाटकातले बंधारे आहेत, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, विजयवाड्याचे प्रकाशम बॅरेज आहे. ती पिशवी बहुधा धरणाच्या काठावर, उसाच्या शेतात किंवा गुरांच्या पोटात जाईल. नाहीतर चौकाच्या मागे जाळली जाईल. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा २०२१ मध्ये जागतिक पातळीवर अभ्यास झाला. त्यानुसार या प्लास्टिकचा ऐंशी टक्के भाग हजारभर नद्यांतून येतो आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या लहान नद्या फार मोठ्या प्रमाणावर आहेत. सावित्रीसारखी, डोंगरातून तडक उतरणारी, जोराच्या पावसाची, धरणांनी फारशी न अडवलेली नदी याच वर्णनात बसते. महाडने जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. अशा पाण्यापुढे ओढ्यातला कचरा टिकत नाही.

घाटातल्या वाघजाई मंदिरापाशी चहा-भजीच्या टपऱ्या आहेत. समोर दरी, पावसाळ्यात धुके आणि धबधबे, कठड्यावर माकडे. माणसे माकडांना वेफर्स घालतात, माकडे रिकामी पाकिटे फाडून आतले मीठ चाटतात आणि सोडून देतात. वाऱ्याची एक झुळूक आली की पाकीट कठड्यापलीकडे जाते. त्यापुढे त्याला अडवणारे काही नाही. वेफर्सचे पाकीट आतून चंदेरी असते, ते पाण्यापेक्षा हलके असते आणि बुडत नाही. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पाण्याहून जड, पण टोपण घट्ट लावलेली रिकामी बाटली तरंगते. उघडी बाटली तळाशी जाते आणि तिचे टोपण एकटेच पुढे प्रवास करते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे यातला बराच कचरा पुन्हा किनाऱ्यावर लोटतात आणि भरतीच्या रेषेला त्याचा पट्टा तयार होतो. नोव्हेंबरपासून मादी अंडी घालायला वर चढते ती हाच पट्टा ओलांडून. दोन महिन्यांनी चार-पाच सेंटिमीटरचे पिल्लू उतरते तेही त्यातूनच; आडवा पडलेला प्लास्टिकचा पेला त्याच्यासाठी भिंत असतो, आणि जितका वेळ ते तेथे अडकते तितका वेळ कावळ्यांना आणि खेकड्यांना मिळतो. कासवमित्र ही वाट साफ करतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सफाई चालली आणि मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. सफाईला फळ येते. मात्र दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, कारण वरून येणे थांबलेले नसते.

वरंधा घाटात फेकल्या जाणाऱ्या वस्तू घाटात तयार होत नाहीत आणि त्यांतल्या थोड्याच तेथे विकल्या जातात. पुण्याहून निघालेली गाडी खेड-शिवापूर ओलांडून कापूरहोळला थांबते. नाश्ता होतो, बाटल्यांचा खोका आणि वेफर्सची माळ गाडीत चढते, आणि पुढचा कचरा पुढच्या गावाचा होतो. गंमत अशी, की वेळासच्या कासव महोत्सवाला जाणाऱ्या पुण्याच्या कित्येक गाड्याही भोर-महाड मार्गेच जातात. घाटाच्या वळणावर पाकीट पडले की ते ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत पडले तिची जबाबदारी होते. वरंधसारख्या गावाने कडेलोटाच्या दरीत उतरून ते वेचावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. विक्रीच्या जागी ते थांबवणे स्वस्त पडते आणि शक्यही आहे. म्हणूनच हे पत्र कापूरहोळच्या नावे आहे.

कायदा ग्रामपंचायतीच्या बाजूने आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्रथमच ग्रामपंचायतींना या कामात आणले. गोळा करणे, वेगळे करणे, पुढे प्रक्रियेला पाठवणे आणि उघड्यावर जाळू न देणे ही कर्तव्ये त्यात स्पष्ट लिहिली आहेत. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या आणि एकदा वापरायच्या ताट-पेल्यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. केंद्राची एकल-वापर प्लास्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ पासून लागू आहे आणि पिशवीची किमान जाडी आता १२० मायक्रॉन आहे. पण महामार्गाच्या कडेला उभे राहून पाहिले तर पायाशी पडलेले बहुतेक प्लास्टिक केंद्राच्या यादीबाहेरचे निघते: पाण्याची बाटली, वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटे, शीतपेयांच्या बाटल्या. कंपन्यांवर ते परत घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे, पण ती त्यांच्या हिशेबाच्या वहीत पार पडते, कापूरहोळच्या गटारात नाही. त्यामुळे बंदीची अंमलबजावणी कडक केली तरी कासवाच्या पोटात जाणारी मुख्य वस्तू सुटून जाते. ग्रामपंचायतींच्या दंडमोहिमा वाया जातात त्या येथेच.

बाटलीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, कारण भंगारवाला ती घेतो. तिच्यावर अनामत ठेवली तर ती परत येते. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी मद्यदुकानांतल्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतले जातात आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत मिळतात. डोंगरात हत्ती आणि गव्यांच्या पायांखाली येणारी काच त्याने मोठ्या प्रमाणात थांबली. केदारनाथच्या वाटेवरही २०२२ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांवर खुणेचा कागद चिकटवून हीच पद्धत आणली गेली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या परत घेण्याची कल्पना होती. ती रुजली नाही, कारण सगळ्या राज्यात एकदम करायला गेले आणि पैसे परत कोणी, कोठे द्यायचे हेच ठरले नाही. एका फाट्यावर ते ठरवता येते. कापूरहोळच्या हॉटेलांनी आणि दुकानांनी बाटलीवर दहा रुपये अनामत घ्यावी, गावाची खूण चिकटवावी, आणि परतीच्या प्रवासात त्याच चौकात एका टेबलावर पैसे द्यावेत. महाडमार्गे पुढे कोकणात उतरणारा प्रवासी परत येणार नाही. त्याच्यासाठी दुसरे टेबल घाटाच्या तोंडाशी लागेल. न परतलेल्या बाटल्यांची अनामत सफाई कामगारांच्या वेतनाला जावी. सक्ती करायची तर वरचा आदेश लागेल. व्यापाऱ्यांच्या संमतीने सुरुवात करायला ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.

पाकिटाला मात्र भंगारात भाव नाही. त्याच्या चिकटलेल्या थरांमुळे ते वितळवून नवे काही करणे परवडत नाही. सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून किंवा डांबरात मिसळून त्याचा उपयोग होतो, पण त्यासाठी ते आधी गोळा व्हावे लागते. येथे अनामतीची युक्ती चालत नाही. चालते ती अशी, की मोठी खरेदी करणाऱ्या गाडीला दुकानदाराने एक कापडी किंवा जुन्या पोत्याची कचरापिशवी द्यावी आणि भरलेली पिशवी भोर, घाटाचे तोंड किंवा पुन्हा कापूरहोळ यांपैकी कोठेही घेतली जावी. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण गाडीत कचरा ठेवायला जागा नसते म्हणूनच काच खाली होते, हे रोज पाहणाऱ्या टपरीवाल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. गोळा झालेला माल स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यासाठी तरतूद असलेल्या प्लास्टिक प्रक्रिया केंद्रात जावा. वाहतुकीचा खर्च वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या वाट्यातून करता येतो. चौकातल्या हॉटेलांनी जारचे किंवा शुद्ध केलेले पाणी गिऱ्हाइकाच्या बाटलीत भरून दिले तर नव्या बाटल्यांची विक्री घटेल. ती घट दुकानदाराला सोसावी लागेल, आणि ती नाही असे सांगून काही मिळणार नाही.

दुकानदारांची खरी हरकत वेगळी असेल: कापूरहोळला अनामत लागली तर गाडी पुढच्या टपरीवर थांबेल. ही हरकत रास्त आहे. त्यामुळे एकट्या कापूरहोळचा ठराव फार दिवस टिकणार नाही. भोर नगरपरिषद, भोर रस्त्यावरच्या आणि घाटाच्या तोंडाशी असलेल्या ग्रामपंचायती यांचा एकच नियम हवा, आणि तो जुळवून आणण्याचे काम पंचायत समितीचे आहे. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, यात मागाहून आला तरी चालेल. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा कचरा गुंजवणीत उतरतो, त्याची घाई घाटाइतकी नाही. पहिल्या वर्षी फक्त बाटल्या आणि फक्त पावसाळ्याचे चार महिने, एवढेच हाती घ्यावे. घाट दरडींमुळे बंद असला तरी अलीकडच्या धबधब्यांवर गर्दी होतेच, तेव्हा टेबल बंद ठेवण्याचे कारण नाही.

पहिल्या जोरदार पावसात घाटातले ओढे साफ धुऊन निघतात. जूनच्या मध्यापर्यंत वर साचलेले प्लास्टिक जुलैत खाडीत असते. त्यामुळे हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घेऊन उपयोग नाही, तो १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावा. त्याआधी एप्रिलमध्ये चौकातल्या विक्रेत्यांची एक बैठक आणि महिन्याला किती खोके पाणी विकले जाते याची नोंद, एवढी तयारी पुरे. अनामतीचा हिशेब पहिल्या वर्षाअखेर फलकावर लावावा: किती बाटल्या विकल्या, किती परतल्या, किती रुपये उरले आणि ते कोणाला दिले.

कळावे.

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
गटविकास अधिकारी, पंचायत समिती, भोर.
मुख्याधिकारी, भोर नगरपरिषद.
सरपंच, ग्रामपंचायत वरंध, ता. महाड, जि. रायगड.
सरपंच, ग्रामपंचायत वेळास, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी.